कन्या ४०

करडघाटचे सरगिरे.
हे घराणं मी एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी दुपारी, मिसळीची तर्री गोठत असताना जन्माला घातलं.
खऱ्या कुणाचं आडनाव निघू नये म्हणून तीनदा तपासलं;
पुण्यात आडनावावरून काय होऊ शकतं
हे कुणाला सांगायला नको.

मूळ पुरुष रायाजी. शौर्य अठरा, कपट नऊ,
डाव्या भुवईवर जुना वार.
थोरला सुभानजी, निष्ठा भरपूर, अक्कल बेताची.
धाकटा निळोजी, बरोब्बर उलट.
भाऊबंदकीचा कोड वेगळा लिहावा लागला नाही.
हुमेरा म्हणाली, दोघांना मिळून एक वतन दे,
आपोआप चालू होते.

लग्नांचं गणित सोपं ठेवलं होतं:
मुलगी दिली की तह,
तह मोडला की मुलगी तिकडेच.
तिला परत आणायचं बटण
कुणी मागितलंही नाही.

नावांच्या यादीत पुरुष दोनशे बारा, बायका अकरा.
अकरा संपल्या की यंत्र स्वतःच लिहायचं
कन्या १२, कन्या १३.
जुन्या वंशावळींत तरी वेगळं काय असतं, मी म्हटलं.
हुमेरा हसली नाही.

मग चाचणी. रिकाम्या ऑफिसात, रात्रभर,
राज्य शंभर वेळा चालून पाहिलं.
सकाळी आलो तर चौऱ्याण्णव खेळांत
निळोजीचा नातू चौदाव्या वर्षी तापानं गेलेला
(माझ्याच हातून एक शून्य राहून गेलं होतं)
आणि गादीवर त्याची आई.

ती आम्ही आखलेलीच नव्हती.
सून म्हणून आत आलेली, शौर्य रिकामं, कपट रिकामं,
चेहऱ्याच्या जागी करडी सावली.
नाव: कन्या ४०.
तिनं एकेचाळीस वर्षं राज्य केलं होतं.
दुष्काळात कोठारं उघडली,
दोन शेजाऱ्यांना आपसांत गुंतवून ठेवलं,
सारा एकदाही वाढवला नाही.

बग आहे, मी म्हटलं.
महत्त्वाकांक्षेचा रकाना रिकामा,
म्हणून दरबारात कुणी तिला मोजतच नाही,
म्हणून तिच्यावर कट होत नाहीत.
हुमेरा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, मुलाला वाचव हवं तर,
तिला पुसू नकोस.

शून्य घातलं. मुलगा आता बहुतेक वेळा जगतो,
आणि मुलगा जगला की ती दिसत नाही,
मुदपाकखान्याच्या पलीकडे कुठंतरी
खेळाच्या हिशोबात जिवंत असते, एवढंच.

तरी चेहरा हवा होता.
तो नळ स्टॉपला मिळाला, पुलाखाली,
सिग्नल गेलेला, संध्याकाळचे सात,
एक वाहतूक पोलीस बाई, तोंडात शिट्टी,
एक तळहात कर्वे रोडकडे, एक म्हात्रे पुलाकडे,
आणि मधे दुचाकीवरचं अख्खं पुणे
जरासं कुरकुरत उभं.
मी तिथंच तिकिटाच्या पाठीवर तिची हनुवटी काढली.
मागच्या रिक्षावाल्यानं माझा उद्धार केला.

नाव मोडीच्या वर्गातलं.
सरावाच्या कागदावर एक ओळ लागली,
शाई फुटलेली, लागायला आठवडा गेला:
दळणकांडण, ठकू, ज्वारी दोन पायली.
ठकाई सरगिरे.
राणीला शोभत नाही, मार्केटिंगचा लेले म्हणाला.
शोभेल, हुमेरा म्हणाली, सवय लागू दे.

शंभरात सहा वेळा मुलगा अजूनही जातो.
तेव्हा कोपऱ्यातून ती पुढं येते,
तीच हनुवटी, हातात शिक्क्यांची पेटी,
आणि दरबार जरासा कुरकुरत उभा राहतो.

कपट, महत्त्वाकांक्षा:
दोन्ही रकाने मी रिकामेच ठेवलेत.
लेलेच्या अजून लक्षात आलेलं नाही.